सायलेन्सरला कंठ फुटला

माझी मोटरसायकल सुरू आहे की बंद, हे रस्त्यावर कुणालाच कळत नसे. मलाही कधीकधी टाकीला हात लावून खात्री करून घ्यावी लागे. कंपनीच्या माहितीपत्रकात हा गुण म्हणून छापलेला आहे. माहितीपत्रक लिहिणारा गृहस्थ आमच्या ऑफिसच्या फाटकापाशी कधी आलेला नसावा.

त्या फाटकावर एक आडवा दांडा आहे आणि दांड्याशेजारच्या खोक्यात एक रखवालदार आहे. तो दिवसभर मान खाली घालून कोडी सोडवतो आणि कानाने नोकरी करतो. इतरांच्या गाड्या लांबून घुमत आल्या की त्याचा हात आपोआप दोरीकडे जातो, दांडा वर होतो, कोडं चालू राहतं. मी येतो तेव्हा काहीच होत नाही. मी दांड्याला चाक टेकवून उभा राहतो. खाकरतो. शेवटी उतरून खोक्याच्या काचेवर टकटक करतो, तेव्हा तो दचकून म्हणतो, "साहेब, चालत आलात?"

हेही मी गिळलं असतं. अठरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाची गिळण्याची ताकद मोठी असते. पण माझ्या मेहुण्याने नवी गाडी घेतली. तो तिसऱ्या वळणावर असतानाच आमच्या स्वयंपाकघरातून हाक येते, "दादा आला!" आणि चहाचं आधण चढतं. मी दारात येऊन बेल वाजवतो तेव्हा तेच स्वयंपाकघर विचारतं, "कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

तत्त्वज्ञानात या प्रश्नाला फार मान आहे, हे मला माहीत आहे. पण तो ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा असतो; बायकोने बंद दाराआडून विचारायचा नसतो. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, गाडीचा आवाज वाढवायचा.

सुट्या भागांच्या दुकानात काचेच्या कपाटात चकचकीत सायलेन्सर मांडून ठेवले होते. दुकानदाराने एक काढून माझ्या हातात दिला आणि किंमत सांगितली. मी तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी परत केला.

"यापेक्षा स्वस्तात काही?"

"यापेक्षा स्वस्तात, साहेब, तोंडाने आवाज काढावा लागेल."

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त भांडारपाल राहतात. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे कुठलीही वस्तू उघडताना त्यांना भीती वाटत नाही, आणि ती पुन्हा मिटवायची असते हेही त्यांना पटत नाही. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'तज्ज्ञ' म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी चिडून म्हणालं होतं, पण त्यांनी ती पदवी समजून स्वीकारली.

"सोपं आहे हो," तज्ज्ञ म्हणाले. "आवाज आत कोंडलेला असतो बिचारा. मागच्या बाजूला भोकं पाडा, येईल बाहेर."

"किती भोकं, काका?"

"चार. तीन कमी पडतात आणि पाचाने शोभा जाते."

इतक्या नेमक्या आकड्यापुढे माझ्यासारख्या माणसाला शंका घेता येत नाही. रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये पाना घेऊन बसलो. सायलेन्सरचे नट नऊ वर्षं एकाच जागी बसलेले होते. आमच्या ऑफिसातल्या वरिष्ठांप्रमाणे त्यांनाही हलण्याची सवय उरली नव्हती. हळूहळू बिल्डिंग जमली. कुणी तेल घाला म्हणालं, कुणी तापवा म्हणालं, कुणी "आमच्या साडूंनी असंच केलं होतं" म्हणून पुढे काय झालं ते सांगायचं टाळलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "उलटं फिरवताय." मी अजिबात उलटं फिरवत नव्हतो. काकू आत गेल्यावर सहज दुसऱ्या बाजूला फिरवून पाहिलं, तर नट सुटला. त्यानंतर दोन दिवस मी जिना चढताना पहिल्या मजल्यावर खाली बघून चालत होतो.

तज्ज्ञांच्या ड्रिलने चार भोकं पाडली. सायलेन्सर चढवला. गाडी सुरू केली. आवाज आला, पण आम्हाला हवा होता तो नाही. गाडी तापली आणि थोडा वेग घेतला की मागून स्वच्छ, लांबलचक शिट्टी येऊ लागली. ती शिट्टी साधी नव्हती. खाली सुरू होऊन वर चढणारी आणि शेवटी लाडिक वळण घेणारी होती.

"होईल सवय," तज्ज्ञ म्हणाले. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या अलीकडच्या सिग्नलला मी थांबलो, दिवा हिरवा झाला, मी निघालो, आणि फुटपाथवरून चाललेल्या एका बाईंच्या पाठीमागे गाडीने ती शिट्टी मारली. बाई वळल्या. त्या आमच्या आस्थापना विभागाच्या प्रमुख होत्या. आमच्या ऑफिसात त्यांच्यासमोर लोक शिंकसुद्धा परवानगी घेऊन देतात.

"अकरा वाजता भेटा," एवढंच त्या म्हणाल्या.

अकरा वाजता मी सांगितलं की शिट्टी मी मारली नाही, गाडीने मारली. हे वाक्य मनात म्हणताना बरं वाटलं होतं. मॅडम दोन कारकून साक्षीला घेऊन पार्किंगमध्ये आल्या. मी गाडी सुरू केली. थंड इंजिन नेहमीच्या सभ्यपणाने कुजबुजत राहिलं. मी वेग वाढवला. काही नाही. मॅडमनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून चालू लागल्या. तेवढ्यात इंजिन तापलं आणि गाडीने सकाळपेक्षाही लाडिक शिट्टी घातली.

मी वाचलो, पण माझ्या फाइलला एक टिपण लागलं. त्यात लिहिलंय: 'शिट्टी कर्मचाऱ्याने न मारता वाहनाने मारल्याचे निदर्शनास आले. कर्मचाऱ्याने वाहनास योग्य ती समज द्यावी.'

समज देण्यासाठी मी गाडी घेऊन आमच्या रस्त्याच्या टोकाला गेलो. तिथे फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारं एक दुकान आहे आणि ते एक बाई एकट्या चालवतात. सगळे त्यांना वेल्डरताई म्हणतात. साठीच्या आसपास वय, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, बाह्यांवर ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं. माझी चार भोकं त्यांनी बोट फिरवून पाहिली.

"ही कुणी पाडली?"

"मी."

"शिक्षण?"

"पदवीधर आहे."

"वाटलंच."

मग त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक चालू गाडीच्या सायलेन्सरला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसं त्यांनी सबंध सायलेन्सर तपासला. "हे खालचं डावीकडचं भोक तिरकं गेलंय. शिट्टी तिथून येते. बाकीची तीन निरुपद्रवी आहेत." आम्ही शिट्टीसाठी दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. ताईंना दोन मिनिटं लागली.

मी त्यांना माझी खरी इच्छा सांगितली. सोबत तज्ज्ञ आले होतेच. ताईंनी सायलेन्सर उतरवला, ग्राइंडरने मागचं बूड कापलं आणि आतला ऐवज ओढून बाहेर काढला: भोकं असलेले तीन गोल पत्रे आणि त्यांतून आरपार गेलेल्या तीन नळ्या. मला वाटलं होतं की आता पटापट तोडफोड होईल. पण ताई उकिडव्या बसून चहा पिऊन होईल इतका वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "धूर इकडून येतो, भिंतीला आपटतो, मागं फिरतो, दुसऱ्या नळीतून जातो, पुन्हा आपटतो. दमतो. दमलेला माणूस ओरडत नाही, तसंच. ज्यानं हे केलंय त्यानं डोकं लावलंय हो."

नऊ वर्षं मी त्या डोक्यावर बसून फिरत होतो आणि मला पत्ता नव्हता. खरं सांगतो, त्या क्षणी माझं मन चळलं होतं.

"दोन पत्रे काढते," ताई म्हणाल्या. "तिसरा राहू द्या. इंजिनाला थोडा अडसर लागतो, नाहीतर चढावर जीव जाईल गाडीचा."

"छे छे, सगळं काढा," तज्ज्ञ म्हणाले. "अर्धवट कामाला अर्थ नाही."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाडी कुणाची?" त्यांनी मला विचारलं.

"माझी."

"मग तुम्ही बोला."

डोळ्यांपुढे दांडा आला, दार आलं, मेहुणा आला. मी म्हणालो, "सगळं काढा."

त्यांनी वाद घातला नाही. खडूचा तुकडा घेतला, शटर अर्धं खाली ओढलं आणि त्याच्या आतल्या बाजूवर तिन्ही पत्रे भोकाभोकांसकट उतरवून घेतले. मला वाटलं, असेल एखादीला सवय. मग त्यांनी सायलेन्सर रिकामा केला, माझी चार भोकं बुजवली आणि बूड पुन्हा जोडून दिलं. निघालेल्या पत्र्यांकडे तज्ज्ञांचं लक्ष होतं. गटारावर झाकण म्हणून छान बसतील, असं म्हणत त्यांनी ते पिशवीत घातले.

मी गाडी सुरू केली आणि माझ्या गाडीला कंठ फुटला. तो आवाज वर्णन करायचा तर भरल्या पोटाने झोपेतून उठलेल्या वाघाचा करावा लागेल. फाटकाचा दांडा मी शंभर पावलांवर असतानाच वर गेला आणि रखवालदाराने कोडं बाजूला ठेवून सलाम केला. संध्याकाळी घराच्या वळणावर आलो तर बायको गॅलरीत होती. खरं म्हणजे सगळी बिल्डिंगच गॅलरीत होती. मेहुणा गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "भावजी, कितीला पडलं?" मी नुसता हसलो. असं हसणं आयुष्यात दोनदाच जमतं. पहिली वेळ मला आठवत नाही.

हे वैभव साडेतीन दिवस टिकलं.

पहिलं दुखणं चढावर निघालं. ऑफिसच्या वाटेवर एक लहानसा चढ आहे. त्यावर माझी गाडी विमानासारखी गर्जना करत होती आणि पुढे सरकत मात्र गोगलगायीसारखी होती. एक आजोबा सायकलवरून आले, बाजूने गेले आणि जाताना, "काही अडलंय का?" असं विचारून गेले. दुसरं दुखणं घरात निघालं. माझी बायको इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला असते. पहिली बस सुटायच्या आधी तिला पोहोचावं लागतं, म्हणून रोज मी सोडतो. इस्पितळाच्या दोन गल्ल्या अलीकडेच ती उतरू लागली आणि पदर डोक्यावर घेऊन, या गाडीशी आपला काही संबंध नाही अशी, चालत जाऊ लागली.

चौथ्या दिवशी दुपारी चौकात मी हँडलवरची मूठ सोडली आणि गाडीने पाठीमागे असा काही बार काढला की कबुतरं उडाली आणि वाहतूक पोलीस उभ्याउभ्या कठड्याच्या पलीकडे गेला. पलीकडून त्याने आधी टोपी वर काढली, मग डोकं.

"कुणी झाडली?" त्याने विचारलं.

सगळ्या चौकाने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने मला एक कागद दिला. दहा दिवसांत वाहन तपासणी कार्यालयात आवाज मोजून घ्यायचा. मर्यादेबाहेर निघाला तर गाडीची नोंदणी रद्द. मी तो कागद घरी जेवणानंतर, दिवा मंद असताना दाखवला. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "गाडी गेली तर मला सकाळची पाळी सोडावी लागेल. रात्रीचीच शिल्लक आहे."

मी कागदाची घडी घातली.

"एवढं सगळं कशासाठी केलंत?"

मी सांगितलं. दांड्याचं सांगितलं, दाराचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, दार उघडण्याआधी 'कोण आहे' विचारत जा, आवाज ओळखीचा वाटला तरी विचार, असं मला कुणी बजावलं होतं? मागच्या वर्षी, शेजारी चोरी झाली तेव्हा?"

बजावणारा मीच होतो. दोनदा बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी आधी तज्ज्ञांकडे गेलो. पत्रे गटारावर बसावेत म्हणून त्यांनी ते चौकोनी कापले होते आणि तरीही ते बसले नव्हते. कंपनीच्या दुकानात कळलं की माझं मॉडेल बंद होऊन पाच वर्षं झाली. उरल्या वेल्डरताई. वाटभर मी एक भाषण तयार केलं: माझी चूक, तुमचा सल्ला, माणसाचा मोह वगैरे. त्यांनी हातातली जाळी खाली ठेवून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "आत घ्या गाडी."

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. आतल्या बाजूवर माझे तिन्ही पत्रे खडूत जसेच्या तसे होते. आता मी नीट पाहिलं. नुसते माझेच नव्हते. कुणाच्या पंपाचं पोट, कुणाच्या कपाटाचं कुलूप, बाबागाडीचं चाक, खाटेचा सांधा. वरपासून खालपर्यंत शटर भरलेलं होतं.

"लोक तोडायला आणतात," ताई म्हणाल्या. "मग तेच लोक जोडायला आणतात. मधल्या वेळात बघून ठेवावं लागतं."

मी तीन दिवस रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'वाहनास समज देणे' लिहिलं आणि ती मंजूर झाली. ते तीन दिवस मी सांडशीत पत्रा धरून उभा होतो. "हलू नका," ताई म्हणत. "श्वास घ्या, पण हलू नका." त्यांनी एकेक भोक पाडलं आणि एकेक भोक कानशीने घासलं. मग पत्रा दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवायच्या आणि डोळे मिटायच्या. दुसऱ्या दिवशी एक पूर्ण झालेला पत्रा त्यांनी वाजवला आणि भंगारात टाकला.

"काय झालं, ताई?"

"बद्द बोलतोय."

मला तिन्ही पत्रे एकाच आवाजात बोलताना ऐकू येत होते. तिथे मला कळलं की मी ज्याला आवाज म्हणत होतो तो नुसता गोंगाट होता. मधल्या पत्र्यावरची भोकांची एक ओळ त्यांनी मुद्दाम अंगठ्याएवढी सरकवली. "इथं कंपनीनं घाई केलेली दिसते," त्या म्हणाल्या, आणि इतक्या सहज म्हणाल्या की कंपनी समोर असती तर तीही हो म्हणाली असती. शेवटच्या दुपारी त्यांनी बूड जोडलं. जोडाची रेघ माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक, एकसारखी सरकत गेली. मी बोट लावायला गेलो तर माझ्या हातावर चापट बसली. गरम होतं.

वाहन तपासणी कार्यालयात पहिल्या खिडकीवर अर्ज होता. त्यात 'बदल करण्याचे कारण' असा रकाना होता आणि तीन पर्याय: दुरुस्ती, अपघात, इतर.

"मानापमानासाठी यातलं काय येईल?" मी विचारलं.

"'इतर'ला जोडपत्र लागतं," खिडकीतले गृहस्थ म्हणाले. "अपघात लिहा."

मनाला ते पटलंच. अपघात लिहिलं.

आवारात एक किडकिडीत निरीक्षक तिपाईवर आवाजाचं यंत्र लावून बसले होते. माझ्या आधीच्या चार गाड्या त्यांनी यंत्राकडे न बघताच नापास केल्या. माझी पाळी आली. गाडीपेक्षा मला सकाळच्या पाळीची काळजी होती.

"सुरू करा," ते म्हणाले.

"सुरू आहे, साहेब."

त्यांनी यंत्राला टिचकी मारली. बॅटरी काढून पुन्हा घातली. मग उठून गाडीजवळ आले, टाकीवर तळहात ठेवला आणि हळूच भुवया वर नेल्या. वेग वाढवायला सांगितला, कमी करायला सांगितला, पुन्हा वाढवायला सांगितला. यंत्रावरचा आकडा नव्या कोऱ्या गाडीसाठी छापलेल्या आकड्याच्याही खाली होता. मग या गृहस्थांनी यंत्र बंद केलं, इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता जमिनीवर गुडघे टेकले आणि सायलेन्सरजवळ कान नेला.

"कुठल्या कंपनीचा?"

"आमच्या रस्त्याच्या टोकाचा."

"पास आहे," निरीक्षक उठत म्हणाले. "पण चौदावा रकाना कोरा आहे. बदल करणाऱ्या तंत्रज्ञाची सही, अधिकाऱ्यासमक्ष."

"त्यांना दुकान सोडून येता येणार नाही, साहेब. एकट्या आहेत."

त्यांनी रांगेकडे पाहिलं. माझ्या मागे कुणी नव्हतं. "किती लांब आहे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या मागे बसले.

दुकानात आल्यावर ते सहीचं विसरले. शटरसमोर उभे राहिले आणि एकेक चित्र बोटाने, खडूला न लावता, हवेतच गिरवत गेले. आवाज मोजण्यात केस पिकलेला माणूस तो. पण आता ते ओठांतल्या ओठांत भोकं मोजत होते.

"कुठे शिकलात हे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"इथंच," ताई म्हणाल्या. "उभ्याउभ्या."

ताईंनी साबणाने दोनदा हात धुतले, पुसले आणि चौदाव्या रकान्यात सावकाश सही केली. निरीक्षक कागदाची घडी घालताघालता थांबले. "सायलेन्सरवरही सही लागते. काम कुणाचं ते कळायला हवं." असा कुठलाही नियम नाही, मी नंतर सबंध नियमावली वाचून काढली.

ताई गोंधळल्या. तीन दिवसांत मी त्यांना गोंधळलेलं प्रथमच पाहत होतो. "फाटकं केली, जाळ्या केल्या," त्या म्हणाल्या, "पण सही कर म्हणून कुणी सांगितलं नाही कधी." मग त्यांनी मुखवटा खाली ओढला, सायलेन्सरच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, चार-दोन ठिणग्या उडवल्या आणि आम्हाला बघू दिलं नाही. "गरम आहे. जा आता, मला फाटक द्यायचंय."

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि गाडीखाली उताणा झालो. जरा वेळाने माझ्या डोक्याशी तज्ज्ञांच्या चपला येऊन थांबल्या.

"पुन्हा बिघडली?"

"नाही, काका."

"मग खाली पडून करताय काय?"

"वाचतोय," मी म्हणालो.

तज्ज्ञ काही सुचवतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी काही सुचवलं नाही. "सरका जरा," असं म्हणून गुडघ्यावर हात देत तेही वर्तमानपत्रावर आडवे झाले.